गल्ल्यामागची भिंत

माझ्या नातवाच्या मोबाईलवर हल्ली अमरावतीच्या खाण्यापिण्याच्या चित्रफिती येत असतात. उलटी टोपी घातलेला एक पोरगा गल्लीत शिरतो, प्रत्येक दुकानात एकेक घास खातो, डोळे मिटतो आणि 'भावांनो, विषय संपला' असं जाहीर करून पुढच्या दुकानात जातो. घास तोंडात गेल्यागेल्या डोळे मिटणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. जिभेला जरा तरी वेळ द्यावा की नाही? परवा त्यानं आमच्या ताईच्या हॉटेलची चित्रफीत टाकली. कढई दाखवली, भाकरी थापणाऱ्या बायांचे हात दाखवले, पाटोडीवर पडणारा सांबार, म्हणजे कोथिंबीर, अगदी सावकाश पडताना दाखवला. गल्ल्यावर बसलेली, केस पांढरे झालेली माझी ताईही दाखवली. पण ताईच्या मागची भिंत काही दाखवली नाही. कॅमेरा तिच्या कपाळापर्यंत चढतो आणि तिथून खाली वळतो. मी नातवाला ती चित्रफीत पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. तो वैतागून म्हणाला, "आजी, योगायोग असेल." असेलही. पण मी माझ्या बाबांची मुलगी आहे, आणि योगायोग या शब्दावर आमच्या घरात कधी कुणी विश्वास ठेवला नाही.

बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या दाटीत, दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. सकाळी पहाटेच्या अजानीनं जाग यायची, मग नळावर हंड्यांची आदळआपट, मग बाजारातल्या दुकानांच्या फळ्या एकामागून एक निघाल्याचा खडखडाट. या सगळ्या आवाजांत आमच्या घराचा म्हणून एक आवाज होता, तो बाबांच्या नाकाचा. ते प्रत्येक वस्तू हुंगून बघत. दूध आलं की हुंगायचे, भाजी आली की हुंगायचे, सायकलवर वांगी घेऊन येणाऱ्या माळ्याला एक वांगं मधोमध कापून दाखवायला लावायचे आणि मग तेही हुंगायचे. आईनं तव्यावरून काढलेली, अजून वाफ निघत असलेली भाकर ताटात पडली की पहिल्यांदा ती बाबांच्या नाकाकडे जायची. आई म्हणायची, "मी काय जहर कालवून राहिली का त्याच्यात?" बाबा म्हणायचे, "सवय हाय. तुह्यावर नाही काही." आणि जवसाची चटणी, कांदा, वांग्याची भाजी असं मन लावून जेवायचे. जेवणात खोट सापडली नाही म्हणून ते जरा नाराज होतात, असं मला लहानपणी वाटायचं.

बाहेरच्या खोलीत, दारातून आत पाऊल टाकताच समोर, फोटो होता. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. आमच्या घरी नुसतं 'फोटो' म्हटलं की तोच. नाव घ्यायची गरज पडत नसे. आंघोळ झाली की बाबा स्वतः त्याची काच पुसत, ते काम त्यांनी आईलाही कधी करू दिलं नाही. आणि आतल्या खोलीत, ज्वारीच्या कोठीच्या वर, भिंतीत एक मोठा खिळा होता. त्यावर काहीही टांगलेलं नसायचं. मी एकदा शाळेचं दप्तर त्याला अडकवलं तर बाबांनी ते न बोलता काढलं आणि माझ्या हातात दिलं. आई नंतर हळूच म्हणाली, "तिथं नोको लटकवत जाऊ." का, ते दोघांनीही सांगितलं नाही. ज्या घरात भाकरीवर संशय घेतला जातो त्या घरात एका खिळ्याचा मान राखला जातो, हे मला चमत्कारिक वाटायचं. पण लहान मुलांना घरातल्या चमत्कारिक गोष्टींचीही सवय होऊन जाते.

ताई माझ्याहून पुष्कळ मोठी. ती अमरावतीला राहून नर्सिंग शिकली आणि अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात लागली. दिसायला चांगली, बोलायला त्याहून चांगली, आणि तरी तिचं लग्न जमत नव्हतं, कारण स्थळ आलं की बाबा चौकशीला जायचे. आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी मुलाच्या घराची गुपचूप चौकशी करायची रीतच आहे. शेजारी विचारायचं, किराणावाल्याला विचारायचं, पाणी प्यायच्या निमित्तानं घर बघून यायचं. पण बाकीचे लोक चौकशी करतात ती लग्न जमावं म्हणून. बाबा करायचे ती मोडावं म्हणून, असं कमळाआत्या म्हणायची. एक मुलगा फार हसतो म्हणून गेला. "इतकं हसते म्हणजे काहीतरी झाकून राह्यला." एका घराला नवा रंग दिलेला दिसला. "रंगाच्या खाली ओल असन." एक घर इतकं निर्दोष निघालं की बाबांना रात्रभर झोप लागली नाही आणि सकाळी त्यांनी त्याच कारणावरून नकार कळवला. आईच्या जिवाला घोर लागला होता. शेजारच्या बायका नळावर 'काय वं, सुमनचं जमलं का?' असं विचारायच्या आणि आई हंडा अर्धाच भरून परत यायची.

अशात अमरावतीचं एक स्थळ आलं. बाबांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मेहुण्यानं आणलं. मुलगा बी.कॉम. झालेला, नाव प्रकाश, वडील नाहीत, आई आहे, आणि दोघं मिळून स्टँडमागच्या गल्लीत भोजनालय चालवतात. तिथली पाटोडी साऱ्या अमरावतीत नावाजलेली. ऐकल्याबरोबर बाबांच्या नाकपुड्या फुलल्या. "हॉटेल? अन नाव काय हॉटेलचं?" मेहुण्यानं सांगितलं, 'समाधान'. बाबा दिवसभर ते नाव चघळत होते. संध्याकाळी आईला म्हणाले, "समाधान. ना तथागताचं नाव, ना आपल्या कोण्या माणसाचं. कावून? डाळीत काहीतरी काळं हाय." आई म्हणाली, "हॉटेलात समाधान नाही तं काय भूक नाव ठेवतीन?" ताई तेव्हा आतल्या खोलीत पाटोडीच्या वड्या कापत होती आणि तिनं मानही वर केली नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. अमरावतीहून आल्यापासून ताई पाटोडी वेगळीच करायची. आई शिजलेलं बेसन थाळीत थापून शंकरपाळ्यासारखे चौकोन पाडायची. ताई बोटाएवढ्या लांब वड्या कापायची आणि रश्श्यात भाजलेल्या जवसाचा कूट टाकायची. हे कुठं शिकली, असं आईनं विचारलं तर "होस्टेलच्या मेसमधी" म्हणाली. होस्टेलच्या मेसमध्ये असं जेवण मिळत असतं तर जगात कुणी होस्टेल सोडून घरी आलं नसतं.

चौकशीसाठी हिवरखेडहून कमळाआत्याला बोलावणं गेलं. ती बाबांची धाकटी बहीण, अंगानं भरलेली, जिभेनं तिखट आणि खाण्यात कुणाला हार न जाणारी. योजना तिनंच ठरवली. "दादा, सरळ त्याईच्याच हॉटेलात गेलो अन इचारत बसलो तं ते ओळखतीन ना बापा. आधी बाजूच्याइकडे खाऊ. खाताखाता गोष्टी निंघते. मंग शेवटी पाटोडी." बाबांना एकाच दिवशी इतक्या ठिकाणी बाहेरचं खायचं हा विचारच सहन होत नव्हता, पण ताईच्या जन्माचा प्रश्न होता. जाताना ताईनं माझी वेणी घातली. नेहमीपेक्षा घट्ट घातली आणि कानाशी हळूच म्हणाली, "बाबाले एकटं बोलू देऊ नको, पुष्पे. हेही मोडलं तर मी दुसऱ्या कोणाले हो म्हणणार नाही, सांगून ठेवते." दुसऱ्या कुणाला, म्हणजे पहिला कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही. मला गिला वडा खायला मिळणार होता आणि माझं सगळं लक्ष त्यात होतं.

ती गल्ली स्टँडमागं अशी काही लांबरुंद नव्हती. एका बाजूला सायकल दुरुस्तीची आणि रेडिओची दुकानं, दुसऱ्या बाजूला एकाला एक लागून खाण्याची. सगळ्यात पहिला गिला वडेवाला. उडदाचा वडा ताकाच्या पाण्यात भिजवून मऊ केलेला, वरून दही, चिंचेची चटणी, तिखटाची चिमूट. बाबांनी आधी वडा हुंगला, मग दही हुंगलं, मग चमच्याच्या टोकानं वड्याचं पोट फोडून आत पाहिलं. वडेवाला कमरेवर हात ठेवून हे बघत होता. आत्यानं तोवर आपली प्लेट संपवली आणि गोड आवाजात सुरुवात केली, "भाऊ, ते बाजूचं पाटोडीचं हॉटेल कसं हाय? लय नाव आयकलं." वडेवाला म्हणाला, "चव एक नंबर. त्यात काई शंका नाही." आणि थांबला. बाबांना त्या थांबण्याचाच वास आला. "पन?" ते म्हणाले. "पन काई नाही. आमी तिकडे खात नाही." "कावून?" "असंच," वडेवाला म्हणाला, आणि मग बाबांकडे नीट बघत त्यानं विचारलं, "तुमी कुठले? आडनाव काय तुमचं?" बाबा प्लेट खाली ठेवत म्हणाले, "आमी हिवरखेडचे." वडेवाल्यानं मान हलवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. वडा फार छान होता. मला अजून एक हवा होता, पण बाबा उठले होते.

दुसरं दुकान कचोरीवाल्याचं. म्हातारा, तेलकट बनियन, कानाला पेन्सिल. त्याची कचोरी बाहेरून कडक आणि आतून अशी काही झणझणीत की आत्याचं नाक वाहू लागलं आणि तिनं आणखी एक मागितली. बाबांनी तेल किती वेळा तापवलंय ते विचारलं. म्हातारा म्हणाला, "तुमचं लगन झालं नोतं तवापासून तापून राह्यलं." मला हसू फुटलं, बाबांना नाही. पाटोडीवाल्यांचा विषय निघाला तसा म्हातारा मोकळेपणानं बोलला. बाई एकटीच्या जिवावर उभी राहिली, पोरगा सरळ आहे, विडीचंसुद्धा व्यसन नाही. "मी तं रोज खातो त्याईची पाटोडी. मागच्या दारानं मागवतो." बाबांनी मान वर केली. "मागच्या दारानं कावून?" म्हातारा कढईतल्या कचोऱ्या उलटवत राहिला. "समोरून गेलो तं गल्ली पाह्यते ना बाबू. धंदा करा लागते." बाबांचा चेहरा मी निरखत होते. त्यांच्या संशयाचे अनेक चेहरे मला माहीत होते, पण हा त्यातला नव्हता. वडेवाला आणि कचोरीवाला दोघांनाही पाटोडीवाले कोण आहेत हे ठाऊक होतं, आणि बाबांनाही अर्थात ठाऊक होतं. आता त्यांना एवढंच बघायचं होतं की पाटोडीवाल्यांना ते स्वतःला ठाऊक आहे की नाही.

'समाधान' आतून स्वच्छ होतं, इतकं की बाबांनी कोपऱ्यातून बोट फिरवून बघितलं. भिंतीवर पिवळा रंग, एक आरसा, घड्याळ, एका धबधब्याचं चित्र. गल्ल्यामागची भिंत कोरी. बाबा बाकावर बसले ते त्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. गल्ल्यावर सडपातळ, काळासावळा तरुण होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि माझ्यावर त्याची नजर अडकली. माझा चेहरा ताईवर गेला आहे असं सगळे म्हणायचे. तो स्वतः पाणी घेऊन आला. मग पाटोडी आली. लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, तवंगावर सांबार, आणि रश्श्यात बोटाएवढ्या लांब वड्या. मी पहिला घास घेतला आणि तो जवसाचा कूट जिभेला लागला. मी बाबांकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. त्यांना कळलं नव्हतं. आत्या पहिल्यांदाच ही पाटोडी खात होती आणि बाबा ताईची पाटोडी खाताना कायम दुसऱ्याच कशाचा तरी वास शोधत असायचे. मी खाली मान घालून जेवत राहिले. मला एकदम खूप मोठं झाल्यासारखं वाटलं आणि भीतीही वाटली, कारण होस्टेलची मेस मला सापडली होती.

बाबांना त्या जेवणात काही सापडलं नाही. भाकर ताजी, रस्सा ताजा, लिंबूसुद्धा रसाळ. ते एकेक वडी बाजूला करून पाहत होते आणि प्रत्येक वडीगणिक त्यांची नजर त्या कोऱ्या भिंतीकडे जात होती. बाक भरलेले होते. कोर्टातले दोन कारकून, एस.टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर, धोतर नेसलेले कुणी पाटील वाटावेत असे दोन गृहस्थ. बाबा उठले, हात धुतले, गल्ल्यापाशी गेले, पैसे ठेवले आणि सगळ्या हॉटेलात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जयभीम!"

आमच्या वस्तीत हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतो. रस्त्यात भेटलं की जयभीम, निघताना जयभीम, भांडण मिटलं की जयभीम. त्याला उत्तर यायला श्वासाएवढाही वेळ लागत नाही. त्या दिवशी उत्तर आलंच नाही. प्रकाशचा हात गल्ल्यात होता तो तसाच राहिला. धोतरवाल्यांपैकी एकानं घास हातात धरून मान वळवली. स्वैंपाकघराच्या दारातला पडदा बाजूला झाला आणि एक बाई बाहेर डोकावली, पदर खोचलेला, उजव्या हातावर भाजल्याचा जुना डाग. ती बाबांकडे बघत राहिली, बाबा प्रकाशकडे. मग प्रकाशनं बडीशेपेची वाटी पुढं सरकवली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "बडीशेप घ्या, काका." बाबांनी वाटीला हात लावला नाही. आत्यानं मूठभर घेतली, कारण कितीही बाका प्रसंग आला तरी आत्या फुकटची बडीशेप सोडत नसे, आणि आम्ही बाहेर पडलो.

बस यायला अवकाश होता म्हणून गल्लीच्या टोकाला चिखलदऱ्याच्या कॉफीची पाटी होती तिथं बसलो. एरवी बाबांनी त्या कॉफीत चिंचोके भाजून घातलेत असं सिद्ध करायला अर्धा तास घेतला असता. पण कप समोर येऊन थंड झाला तरी त्यांनी तो हुंगलाही नाही, आणि त्यांच्या वाटची कॉफीही शेवटी आत्यानंच प्यायली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ताई दवाखान्यातून येऊन, कपडेही न बदलता दारात उभी होती. आईनं पाणी दिलं. बाबांनी फोटोखालच्या खुर्चीत बसून निकाल दिला. "हे स्थळ नाही करायचं. जो मानूस जयभीमले उत्तर देत नाही त्याच्या घरात माही पोरगी जाणार नाही. साऱ्या हॉटेलात फोटो नाही. धबधब्याचं चित्र लावलं, पन फोटो नाही. धंद्यासाठी बाप बदलणारे लोकं हायेत."

"फोटो आहे," ताई म्हणाली.

"मी माह्या डोयानं पाह्यलं. नाही."

"आहे, बाबा. आतमधी. चुलीच्या समोरच्या भिंतीले, तेलाच्या डब्याच्या वर. माय सकाळी चूल पेटवायच्या आधी त्याची काच पुसते."

ताईच्या तोंडून निघालेला तो 'माय' शब्द सगळ्यांनी ऐकला होता. आत्याचा चघळता जबडा थांबला. बाबा सावकाश म्हणाले, "तुले कसं मालूम?" आणि ताईनं सगळं सांगून टाकलं. ती शिकत असताना होस्टेलच्या मुली तिथं जेवायला जायच्या. एकदा उकळता रस्सा प्रकाशच्या आईच्या हातावर सांडला आणि ताईनं आत धावत जाऊन पट्टी बांधली. मग रोज पट्टी बदलायला जायची. मग पट्टीची गरज संपली तरी जायची. स्थळ मेहुण्यानं आणलं होतं खरं, पण मेहुण्याला पाठवलं होतं ताईनं. बाबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या डाळीत काळं शोधत हिंडले, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात महिनोन् महिने दुसऱ्याची पाटोडी शिजत होती. आज लिहिताना मला हसू येतंय, पण त्या वेळी मी आईला चिकटून बसले होते.

"पहिले बाहेरच होता फोटो," ताई सांगत होती. तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "प्रकाशचे वडील होते तवा. लोकं आत यायचे, फोटो पाहायचे अन पाणीही न पिता चालले जायचे. दुकानाचा मालक म्हणाला, फोटो काढा नाही तर दुकान सोडा. त्याच्यापायी झिजून गेले ते. मायनं फोटो आत नेला अन चूल चालू ठेवली. मी सांगतलं आहे त्यायले, मी आली की फोटो बाहेर, गल्ल्यामागच्या भिंतीवर येईन. दोघंही हो म्हणाले. पण तुमी असं भर लोकात मडकं वाजवून पाह्यल्यासारखी परीक्षा घेता, बाबा? त्या माणसानं काय करावं? एका शब्दात सगळं हॉटेल उधळून द्यावं का, तेही तुमी खरं बोलले का खोटं, हे माहीत नसताना?"

"त्यानं द्यावं," बाबा म्हणाले. "उधळलं तं उधळलं. माह्यासारखा मानूस असता तं दिलं असतं."

तेव्हा आई उठली. आई कधी बाबांच्या बोलण्यात बोलत नसे. नळावर, चुलीपाशी, आमच्याशी ती भरपूर बोलायची, पण बाबा खुर्चीत बसून काही ठरवत असले की ती भिंतीला टेकून ऐकायची. ती आतल्या खोलीच्या दारात गेली आणि कोठीच्या वर हात दाखवत म्हणाली, "अवो, मंग हा खिळा कायचा हाय?"

बाबांनी मान खाली घातली.

"पोरीले मालूम नाही. मी सांगू का तुमी सांगता? आपुन हिवरखेडहून हे घर किरायानं घेतलं, तवा घरमालकानं इचारलं, कोन तुमी. तुमी काय सांगतलं? 'आमी हिवरखेडचे.' फोटो इथं आतमधी होता, कोठीच्या वर, घरमालक आला की मी समोर लुगडं वाळत टाकाची. सुमन रांगत होती तवा. मालक मेला अन त्याच्या पोराईनं घर आपल्याले इकलं, त्या दिवशी तुमी फोटो बाहेर नेला. अन हा खिळा काढू देत नाही. कावून काढू देत नाही, ते मले मालूम हाय. मी कधी बोलली नाही. तुमी हिवरखेडचे झाले तं चालते. त्या पोरानं बडीशेप देल्ली तं बाप बदलला."

मला वडेवाल्याच्या दुकानातलं ते उत्तर आठवलं. त्या दिवशी दुपारी, वड्याची प्लेट खाली ठेवत, बाबा पुन्हा एकदा हिवरखेडचे झाले होते. आत्यालाही ते आठवलं असावं, कारण ती माझ्याकडे बघत होती. बाबा उठले, आतल्या खोलीत गेले आणि कोठीपाशी पाठ करून उभे राहिले. त्या संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा आईनं भाकर वाढली, त्यांनी सवयीनं ती उचलली, नाकापर्यंत नेली आणि न हुंगताच खाली ठेवली. जेवले मात्र नाहीत.

पुढच्या रविवारी ते म्हणाले, "चला अमरावतीले." ताईला ड्यूटी होती, आत्या हिवरखेडला गेली होती, बाबा, आई आणि मी निघालो. गल्लीत वडेवाल्यानं हाक मारली, "काय हिवरखेडवाले, आज वडा नाही का?" बाबांनी हात जोडले आणि पुढं गेले. 'समाधान'मध्ये गर्दी होती. प्रकाशनं आम्हाला बघितलं आणि तो उभाच राहिला. बाबा त्याच कोऱ्या भिंतीसमोर बसले. पाटोडी आली. आईनं एक वडी तोंडात घातली, जरा थांबली, आणि माझ्याकडे बघून इतकं बारीक हसली की दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. "होस्टेलची मेस," ती पुटपुटली. बाबा खाली मान घालून जेवत होते. मला वाटलं ते काहीतरी बोलतील, क्षमा मागतील, निदान नाव तरी सांगतील. पण त्यांच्यासारख्या माणसाला कुठून सुरुवात करावी तेच कळत नसणार. जेवण झालं, हात धुतले, गल्ल्यापाशी जाऊन पैसे ठेवले आणि काही न बोलता नुसतीच मान लववून ते दाराकडे वळले.

मागून आवाज आला, "थांबा."

स्वैंपाकघराचा पडदा बाजूला करून ती बाई बाहेर आली होती. हाताला बेसन लागलेलं, कपाळावर घाम. बाकांच्या मधून चालत ती थेट बाबांसमोर आली. सगळ्यांचे घास थांबले. तिनं दोन्ही हात जोडले आणि गेल्या खेपेला बाबांनी काढला होता त्याहून मोठ्या, खणखणीत आवाजात म्हणाली, "जयभीम, भाऊ!"

आणि माझे बाबा घाबरले. तिच्यासाठी घाबरले. ते भोवताली बघत, आवाज पार खाली आणून म्हणाले, "आवो बाई, हळू बोला. गिऱ्हाईक हाय."

"असू द्या," ती म्हणाली. "तुमच्या जयभीमचं उत्तर राह्यलं होतं माह्याकडे. आठ दिवस झोप नाही आली."

मागच्या वेळचे ते दोघे धोतरवाले आजही होते. त्यातला एक ताट तसंच ठेवून उठला. दुसरा जरा घोटाळला, त्यानं रश्श्याकडे एकदा बघितलं, मग तोही उठला. जाताना पहिला काहीतरी बोलला, ते मी लिहीत नाही. दारातून मला पलीकडचा कचोरीवाला दिसत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, पण आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करून तो कढईत झारा फिरवत राहिला. तो पुढं मरेपर्यंत पाटोडी मागच्या दारानंच मागवत होता, आणि ताईही त्याला ती मागच्या दारानंच देत होती. त्यावरून माझं आणि तिचं अनेकदा भांडण झालं आहे.

बाकावर दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या. दोन ताटं, अर्ध्या मोडलेल्या भाकरी, रश्श्यात तशाच राहिलेल्या लांब वड्या. प्रकाश ती ताटं उचलायला पुढं झाला. बाई हाताचं बेसन पदराला पुसत उभीच होती. बाबांनी दाराकडं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. ते सावकाश चालत त्या रिकाम्या बाकापाशी आले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि बसले. एकदा जेवलेला माझा बाप, हॉटेलातलं पाणीसुद्धा हुंगल्याशिवाय न पिणारा, त्या भरल्या हॉटेलात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"जयभीम, बाई. मी मानिकराव. अकोल्याच्या सुमनचा बाप. भूक नाही राह्यली आता. पन एक पाटोडी आना. अन भाकर गरम असू द्या."

भाकर आली. त्यांनी ती मोडली, रश्श्यात बुडवली आणि सरळ तोंडात घातली.